फिफ्टीन की फिफ्टी?

“मामा, मला ऐकू सगळं येतं हो. पण एक वाक्य कळेपर्यंत पुढची दोन निघून गेलेली असतात.”

भाचीचा फोन होता, आणि आयेल्ट्सचा निकाल नुकताच लागला होता. बाई सांगलीची. नर्सिंगची पदवी, सहा वर्षं अतिदक्षता विभागात काम, मग नवऱ्याच्या नोकरीपायी इंग्लंड. सध्या आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर एका वृद्धाश्रमात केअर असिस्टंट आहे. नर्सचं काम येतं, पण करायची परवानगी नाही. इथे नोंदणीसाठी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला इंग्रजी येत असल्याचा पुरावा लागतो, आणि तो आयेल्ट्सने द्यायचा तर ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हीत किमान ७ आणि लेखनात ६.५ हवेत. तिला वाचनात ७.५, लेखनात ६.५ मिळाले. लिसनिंग आणि स्पीकिंग, दोन्हीत ६.५. छापलेलं इंग्रजी पास, बोललेलं अर्ध्या गुणाने नापास.

आपल्यापैकी बहुतेकांची गत थोड्याफार फरकाने हीच असते. मी अठरा वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा दुकानातली मुलगी “यू ऑलराइट?” म्हणाली की मला वाटायचं, माझा चेहरा इतका आजारी दिसतो का! इंजिनिअरिंगची जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचून आलेला माणूस, आणि पावाची लादी घेताना गडबडायचा. पेशाने मी ध्वनिसंकेतांवर काम करतो, भाषातज्ज्ञ नाही. पण “ऐकू येतं, कळत नाही” या तक्रारीत ध्वनीचं शास्त्र बरंच आहे, आणि ते समजलं की तयारी कशी करायची तेही बदलतं. भाचीने आधी गावाकडे एक क्लास लावला होता. तिथे तिच्याकडून अवघड शब्दांच्या याद्या आणि तयार उत्तरं पाठ करून घेतली, वर “थोडा ॲक्सेंट आणा” असा सल्ला दिला. माझ्या मते यातलं एकही तिच्या दुखण्याचं औषध नव्हतं.

बोलण्याचा आवाज यंत्रावर आलेखाच्या रूपात पाहिला की पहिली गोष्ट दिसते ती ही की शब्दांमध्ये जागाच नसते. छापील पानावर प्रत्येक शब्दानंतर मोकळी जागा असते, आवाजात नसते. उलट जिथे क्षणभर शांतता दिसते ती बऱ्याचदा शब्दाच्या पोटात, प किंवा क म्हणण्याआधी हवा अडते तिथे. शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला हे आवाज सांगत नाही, ते मेंदू ठरवतो. आणि तो ठरवतो सवयीने, म्हणजे मातृभाषेच्या सवयीने.

उलट्या बाजूने बघायचं तर आपल्या इथल्या मुलांकडे बघा. “तू काय करतो आहेस?” हे त्यांना शनिवारच्या मराठी शाळेत शिकवलेलं असतं, आणि ते कळतं. आजी व्हिडिओ कॉलवर “काय करतोयस रे?” म्हणते आणि पोरगं आईच्या तोंडाकडे बघतं. शब्द तेच, फक्त एकमेकांत मिसळलेले. परीक्षेला बसलेली माझी भाची म्हणजे आजीसमोर बसलेलं हे पोरगं.

इंग्रजीत ही मिसळण एका ठरावीक रीतीने होते. मराठीत ढोबळमानाने प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा मिळतो. ‘फोटोग्राफर’ आपण कसं म्हणतो? फो, टो, ग्रा, फर, सगळ्यांना पंगतीत सारखं वाढलेलं. इंग्रज माणूस ‘फटॉग्रफ’ असं काहीतरी म्हणतो: सगळा जोर ‘टॉ’वर, बाकीचे स्वर चिरडून आपल्या ‘अ’सारखे झालेले. ‘कम्फर्टेबल’चं ‘कम्फ्टबल’ होतं, ‘व्हेजिटेबल’चं ‘व्हेज्टबल’. हे तरी मोठे शब्द झाले. खरी पंचाईत चिल्लर शब्दांची आहे. ‘ऑफ’, ‘टू’, ‘फॉर’, ‘अँड’, ‘कॅन’ हे आपण शाळेत अख्खे शिकलो. वाहत्या बोलण्यात ते अनुक्रमे ‘अव’, ‘ट’, ‘फ’, ‘न’, ‘कन’ एवढेच उरतात. आपला कान अख्ख्या रूपाची वाट बघत दारात उभा, आणि पाहुणा मागच्या दाराने येऊन जेवून गेलेला.

यात गंमत कमी आणि जोखीम जास्त आहे. ‘शी कन ईट’ म्हणजे तिला खाता येतं. ‘शी कांट ईट’ म्हणजे येत नाही. अमेरिकन बोलण्यात तर नकारातला शेवटचा ट अनेकदा तोंडातच राहतो, ऐकूच येत नाही. तिथेही फरक कळतो तो स्वरावरून: होकारातला स्वर दबलेला, नकारातला भरलेला. वाक्यभर ट शोधत बसणारा कान हमखास फसतो. परीक्षेत त्याने एक गुण जातो. वृद्धाश्रमात गिळायला त्रास होणाऱ्या आजीबाईंबद्दल कोणी हे सांगत असेल तर काय जाऊ शकतं, ते भाचीला सांगावं लागलं नाही.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते यातून वाट कशी काढतात? ॲन कटलर आणि डेव्हिड कार्टर यांनी १९८७ मध्ये इंग्रजी बोलण्याची मोजदाद केली, तेव्हा असं आढळलं की अर्थ वाहणाऱ्या शब्दांपैकी सुमारे ९० टक्के शब्द जोरकस अक्षराने सुरू होतात. म्हणजे जोर ऐकू आला की ‘इथे नवा शब्द सुरू झाला’ असं धरायचं. बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. कटलर यांनी नंतर प्रयोगांतून दाखवलं की इंग्रजी कान खरोखरच या युक्तीवर चालतो. मराठीत जोराने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला जोराकडे लक्ष देण्याची गरजच कधी पडलेली नाही. ती सवय नव्याने लावावी लागते.

आता शीर्षकातला प्रश्न. लिसनिंगच्या पहिल्या भागात दोन माणसं रोजच्या व्यवहाराचं काहीतरी बोलत असतात, आणि त्यात भाडं, तारीख, घर क्रमांक असे आकडे हमखास येतात. फिफ्टीन की फिफ्टी? आपण ‘न’ ऐकू येतो का याकडे कान लावतो, आणि तो पुढच्या शब्दात बुडून जातो. ‘फिफ्टी’त जोर पहिल्या अक्षरावर, ‘टी’ आखूड. ‘फिफ्टीन’मध्ये ‘टीन’ लांब, आणि आकडा एकटा किंवा शेवटी असला तर जोरही त्याच्यावर. ‘फिफ्टीन पाउंड्स’ म्हटलं की मात्र जोर पुढे सरकतो. तेव्हा ‘टी’च्या लांबीवर भरवसा ठेवायचा. अमेरिकन माणूस बोलत असेल तर आणखी एक खूण मिळते: ‘थर्टी’, ‘फॉर्टी’, ‘एटी’तला ट मऊ होऊन जवळजवळ ‘थर्डी’, ‘फॉर्डी’, ‘एडी’ होतो, ‘थर्टीन’, ‘फॉर्टीन’, ‘एटीन’मध्ये तो खणखणीत राहतो. दवाखान्यात १५ आणि ५० मिलिग्रॅमचा घोळ होऊ नये म्हणून अंक सुटे उच्चारायला शिकवतात, ‘वन फाइव्ह’, ‘फाइव्ह झिरो’. म्हणजे हा घोळ फक्त आपलाच नाही.

पण मोठ्या वयात कान बदलतो का? भाचीचा हाच प्रश्न होता, आणि तो रास्त आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ चा एक गाजलेला प्रयोग आहे, आणि त्यात आपला त आणि ट आहे. इंग्रजी वातावरणात वाढणाऱ्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या त आणि ट यांतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांचा तो गेला. जो फरक घरात कोणी करत नाही तो ऐकणं मेंदू सोडून देतो. आपले इंग्रज शेजारी ‘तात्या’ आणि ‘टाटा’ एकाच पारड्यात तोलतात ते यामुळे. आणि आपल्याला ‘वेट’ आणि ‘व्हेट’ सारखे वाटतात तेही यामुळेच.

सुदैवाने दार बंद झालं तरी कुलूप लागत नाही. जपानी माणसाला र आणि ल यांतला फरक ऐकणं अतिशय अवघड जातं. १९९१ मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी जपानी प्रौढांना साधारण तीन आठवडे रोज थोडा वेळ असे शब्द ऐकवले: तुम्ही कोणता शब्द ऐकला ते सांगा, चुकलं की लगेच कळवायचं. फरक पडला. पुढच्या प्रयोगात त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि आपल्या कामाची खरी ती आहे. एकाच माणसाच्या आवाजावर सराव केलेल्यांना तो आवाज कळू लागला, नवा माणूस आला की ते परत अडखळले. अनेकांच्या आवाजांवर सराव केलेले नव्या आवाजालाही सरावले. १९९७ मध्ये ॲन ब्रॅडलो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नुसत्या ऐकण्याच्या सरावाने या लोकांचा उच्चारही सुधारला. म्हणून कान आणि तोंड यांची तयारी वेगवेगळी करायची नसते, आणि एकाच आवडत्या यूट्यूबरला सहा महिने ऐकून चालत नाही.

परीक्षेत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, उत्तर अमेरिकेतले असे सगळे उच्चार येतात. त्यासाठी घरातल्या घरात एक सोय आहे. होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन यांनी २००९ मध्ये डच लोकांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन उच्चारांतल्या चित्रफिती दाखवल्या. खाली इंग्रजी अक्षरं होती त्यांना नंतर तो उच्चार जास्त कळू लागला. डच भाषांतर होतं त्यांना अनोळखी वाक्यं ऐकताना उलट तोटा झाला. डोळे अर्थ आयता देऊ लागले की कान सुट्टीवर जातात. तेव्हा मालिका बघताना सबटायटल्स लावा, पण इंग्रजीच. हिंदी लावलीत तर ती करमणूक, तयारी नव्हे.

भाचीसाठी आम्ही ठरवलं ते फारच साधं होतं. रोज एक मिनिटाचा तुकडा, दरवेळी वेगळा माणूस. बीबीसी रेडिओवरच्या मुलाखती फुकट मिळतात, एकेक वाक्य थांबवून शब्दन् शब्द लिहून काढायचं. मग मूळ मजकुराशी ताडून बघायचं आणि चुकलेल्या जागेला लाल खूण. पंधरा दिवसांनी वही पाहिली, तर एकही अवघड शब्द लाल नव्हता. लाल होते ते ‘हॅव बीन’, ‘वुड हॅव’, ‘अ लॉट ऑफ’ आणि ‘कॅन’. इतके दिवस ती शब्दसंग्रह वाढवत बसली होती. लिहून झालं की तोच तुकडा बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याच्याच चालीत म्हणायचा, आरतीत मागे म्हणतो तसा. अर्थाकडे नव्हे, ठेक्याकडे लक्ष. पहिल्या आठवड्यात नवरा हसत होता, मग तोही बसायला लागला.

परीक्षेच्या तंत्राबद्दल थोडक्यात. ४० प्रश्न, सुमारे अर्धा तास, आणि आवाज एकदाच ऐकवतात. ७ साठी साधारण ३० बरोबर लागतात, म्हणजे दहा चुकले तरी चालतात. म्हणूनच एखादं उत्तर निसटलं तर त्याच्या मागे धावायचं नाही. प्रश्न ध्वनिमुद्रणाच्या क्रमानेच असतात, पुढचा पकडायचा. बोलणारे मुद्दाम शब्द फिरवतात, “मंगळवारी या, नाही नाही, मंगळवारी बंद असतं, गुरुवारी”. पहिला वार कानावर पडताच लिहून मोकळं होणारे इथे सापडतात. स्पेलिंग चुकलं की गुण गेला. आणि सुरुवातीला प्रश्न वाचायला मिळणारे काही सेकंद सोन्याचे. रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये एका वाक्यातला एक ध्वनी कापून त्या जागी खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणालाच ध्वनी गायब झाल्याचं कळलं नाही, मेंदूने तो स्वतःच भरला. ऐकणं हा निम्मा अंदाजच असतो. विषय आधी माहीत असेल तर अंदाज बरा बसतो.

आता स्पीकिंग. अकरा ते चौदा मिनिटं, समोर परीक्षक. गुण चार गोष्टींना सारखे: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. उच्चारांचे गुण समोरच्याला सहज कळतं का याचे आहेत, मराठी वळण काढून टाकण्याचे नाहीत. त्यामुळे कोणत्या मराठी सवयी कळण्याच्या आड येतात तेवढं बघावं. इंग्रजी ‘टी’ला आपण मूर्धन्य ट वापरतो, जीभ मागे वळते. ऐकणाऱ्याला ते भारतीय वाटतं, पण कळतं. त्यावर एक मिनिटही घालवू नका.

प आणि क यांची गोष्ट वेगळी. १९६४ मध्ये ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी ११ भाषांमधली प-ब, क-ग अशी व्यंजनं यंत्राने मोजली. त्या अकरांत मराठी होती, याचा मला उगाचच अभिमान वाटतो! ओठ उघडल्यापासून कंठ कंप पावेपर्यंत किती वेळ जातो, हे त्यांनी मोजलं. शब्दाच्या सुरुवातीच्या इंग्रजी प मध्ये साधारण ५० ते ६० मिलिसेकंद जातात आणि तेवढ्यात हवेचा झोत बाहेर पडतो. इंग्रजी ब मध्ये हा वेळ शून्याच्या आसपास. आणि आपला प? तोही शून्याच्या आसपास. म्हणजे आपला स्वच्छ, अल्पप्राण प इंग्रजी कानाच्या खात्यात ब च्या रकान्यात पडतो. भाचीने ‘पिल्स’ म्हटलं की तिथल्या आजोबांना ‘बिल्स’ ऐकू यायचं आणि ते बिचारे मुलाला फोन लावायचे. उपाय आपल्याच बाराखडीत आहे: दोन्ही ओठ मिटून जुन्या वळणाचा फ, थोडा हलका. दात लावलेला नव्हे. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा, ‘पिल्स’ म्हणताना ती हलली पाहिजे. ‘स्पीक’मध्ये मात्र हलता कामा नये, स नंतरचा प इंग्रजीतही आपल्यासारखाच असतो. व चंही तसंच: ‘व्हेट’ला वरचे दात खालच्या ओठावर, ‘वेट’ला ओठांचा चंबू, जवळजवळ ‘उएट’.

उच्चारापेक्षाही तिचे गुण ओघाने खाल्ले होते. मधल्या भागात एक चिठ्ठी देतात, एक मिनिट विचार, मग दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं. पाठ केलेलं उत्तर इथे लगेच उघडं पडतं: पाठ भाग सपाट वेगाने धावतो, आणि पुढचा प्रश्न आला की गाडी धाडकन थांबते. यावर पॉल नेशन यांनी अभ्यासलेली एक जुनी रीत आहे. एकच विषय तीन वेळा सांगायचा: आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. शक्यतो दरवेळी नव्या माणसाला. पहिल्या वेळी डोकं काय सांगायचं याच्यात गुंतलेलं असतं. तिसऱ्या वेळी ते आपोआप येतं आणि डोकं वाक्य बांधायला मोकळं होतं. भाचीचे श्रोते ठरलेले, मी, माझी बायको आणि आमचा चौदा वर्षांचा चिरंजीव. पहिला विषय होता ‘तुमच्या कामावरचा एक कठीण दिवस’. तिने सांगलीतली पुराची रात्र सांगितली, २०१९ ची. मला सांगताना आठ ठिकाणी अडली, मराठी वाक्य मनात जुळवून मग इंग्रजी करत होती. चिरंजीवाला सांगेपर्यंत ती फक्त सांगत होती, आणि त्याने गेम बाजूला ठेवून विचारलं, “मग त्या पेशंटचं काय झालं?”

चार महिन्यांनी ती परत बसली. लिसनिंग ७.५, स्पीकिंग ७, बाकीचे दोन होते तेवढेच. नोंदणीसाठी अजून दोन पायऱ्या आहेत, एक संगणकावरची आणि एक प्रत्यक्ष कामाची. दुसरीत रुग्ण झालेल्या माणसाशी बोलावं लागतं, त्यामुळे रविवार संध्याकाळचे आमचे फोन अजून चालू आहेत. चिरंजीव आता तिला ‘कांट’ नीट म्हणायला शिकवतो, आणि ती त्याला ‘काय करतोयस’.